यंत्राबरोबर माणूसही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२० च्या टाळेबंदीत मी इथल्या, बडोद्यातल्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होतो. पोळ्यांच्या डब्याला फोन टेकवून पाऊण-पाऊण तासाची व्याख्यानं चित्रित करायचो आणि मुलांना पाठवायचो. डभोईकडच्या एका मुलीनं कळवलं, 'सर, तुमचा एक व्हिडिओ उतरवला की दिवसाचा डेटा संपतो.' दहा-दहा मिनिटांचे तुकडे करावेत, प्रत्येकापाठोपाठ एक उदाहरण सोडवायला द्यावं, हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. प्रशिक्षण झालं होतं, पण सगळ्यांना एकदम, एका दुपारी, बटणं कुठली दाबायची एवढंच. शेवटी एक तरुण सहकारी तीन संध्याकाळी शेजारी बसला, तेव्हा जमलं. तोवर अर्धं सत्र गेलं होतं, आणि त्या मुलांचं झालेलं नुकसान मला अजून बोचतं.

म्हणून इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तंत्रज्ञानाच्या साहाय्यानं शिकवण्यासाठी केंद्र असावं, असं मी आग्रहानं म्हणतो. मात्र त्याची सुरुवात चकचकीत स्टुडिओपासून होऊ नये. शिक्षकाच्या विभागात जाऊन त्याच्या विषयाचा पाठ त्याच्यासोबत बसून रचणारी, चाचणीचे प्रश्न तपासणारी, व्हिडिओचं संकलन येणारी माणसं आधी नेमावीत, तीही कायम. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस शिकतो आणि निघून जातो. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची मूडलसारखी प्रणाली तर फुकट मिळते. खर्च करायचा तो माणसांवर.

बडोद्याला हे नवं नाही. सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बोलावलं, ते पुस्तकं विकत घेण्यापुरतं नव्हे. ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग इथे निघाला, ग्रंथपेट्या गावोगाव फिरल्या, आणि ग्रंथालय खात्याची दृश्य-शिक्षण शाखा पडद्यावर चित्रं दाखवणारा मॅजिक लँटर्न घेऊन खेड्यांत गेली. आज आपल्या विद्यापीठातल्या 'केस'मध्ये, म्हणजे शिक्षणशास्त्राच्या प्रगत अध्ययन केंद्रात, शैक्षणिक तंत्रज्ञानावर प्रबंध होतात. तिथलं ज्ञान सायन्स आणि कॉमर्सच्या वर्गांपर्यंत पोचवणारी वाट तेवढी हवी.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम' या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरून करता येतात. त्या मुलांच्या शंका वर्गातल्या शिक्षकाकडेच येणार. त्याला हाताशी कोण आहे?

पुढच्या अंदाजपत्रकात या केंद्रासाठी निदान चार कायम पदं मंजूर करावीत, अशी विद्यापीठाला माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
दांडिया बाजार, बडोदे