घरट्यातली भाषा

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, जग आता एक झालंय, मागचं किती कवटाळून बसायचं?" तेव्हा मला धड उत्तर सुचलं नाही. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

तुझं एक झालेलं जग ऐकून मला 'युटोपिया' आठवला, म्हणजे स्वप्नातलं आदर्श जग. हा शब्द इंग्रज लेखक थॉमस मोरने १५१६ साली ग्रीकवरून घडवला. अर्थ 'कुठेच नसलेली जागा'. उच्चारात 'चांगली जागा' असाही ध्वनी निघतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की स्वप्नातलं जग कोऱ्या पाटीवरच उभारायचं. पण चांगलं म्हणजे काय, न्याय म्हणजे काय, हे शब्द तरी आपल्याकडे आले कुठून? कुणीतरी ते आधी जगून आपल्या हाती ठेवलेत.

न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरी लोकांचं उदाहरण घे. तिथल्या कित्येक मुलांनी शाळेत मातृभाषा बोलल्याबद्दल मार खाल्ला. तीच मुलं मोठी झाली आणि आपल्या पोरांशी इंग्रजीतच बोलू लागली. पोरांचं भलं व्हावं म्हणूनच, हे विसरू नकोस. बघता बघता भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली. मग १९८२ साली त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केलं, म्हणजे भाषेचं घरटं. शाळेत जायच्या आधीची चिमुरडी पोरं आणि त्यांच्यासोबत आज्या-आजोबा. खेळणं, खाणं, रडणं, समजूत काढणं, सगळं माओरीतच. डोळ्यासमोर आण: ज्या शब्दासाठी आजीने लहानपणी मार खाल्ला, तोच शब्द नातवंडाच्या तोंडून पहिल्यांदा ऐकताना तिला काय वाटलं असेल! १९८७ साली ती भाषा देशाची अधिकृत भाषा झाली.

आता गंमत बघ. भाषा गिळणाऱ्या याच जागतिकीकरणाच्या काळात ही कल्पना समुद्र ओलांडून गेली. १९८४ साली हवाईत तसंच घरटं उघडलं, १९९७ साली फिनलंडमध्ये इनारी सामी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी उघडलं. कुणी कुणाची भाषा उचलली नाही. उचलली ती आपली भाषा वाचवायची रीत. एक झालेलं जग मला असं हवंय.

प्रत्येक आठवण जपावी असं मी म्हणत नाही. जुन्या जखमा उकरून माणसं शेजाऱ्याच्या जिवावर उठतात, हे १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटताना जगाने पाहिलं. कुठली आठवण पुढे न्यायची हे निवडावंच लागतं. पण निवडायला ती आधी हाताशी हवी. तोंडी चालणारी आठवण साधारण तीन पिढ्या टिकते, ऐंशी-शंभर वर्षं, असं अभ्यासक म्हणतात. कुणी लिहून, गाऊन, शिकवून ठेवली तरच पुढे जाते.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मला बोचली. त्या माओरी घरांमधली जी मधली पिढी गप्प राहिली, ती आपल्या घरात मी आहे. आजीच्या गाण्यांचं पहिलं कडवं मला येतं, पुढचं येत नाही. तू लहान असताना ते विचारायचं मी 'नंतर बघू' म्हणत टाळलं. आजीला अजून सगळं पाठ आहे.

सुट्टीला आलीस की आपण दोघं तिच्यापाशी बसू. ती म्हणेल, तू लिहून घे. मी मागून म्हणेन.

तुझा,
बाबा