हायपरफोकलच्या तक्त्याबद्दल आप्पांना पत्र

आदरणीय आप्पा,
सा. न.

पायाशी भेगाळलेली काळी माती आणि मागे सातपुड्याची रांग, दोन्ही एकाच फोटोत रेखीव हवीत हा खान्देशातल्या फोटोग्राफरचा जुना हट्ट. तो पुरवायचा कसा, हे तुम्ही हातात मोजपट्टी देऊन शिकवलंत. त्याचे आभार चारचौघांत मानायचे म्हणून हे पत्र.

‘दृश्याच्या एक तृतीयांशावर फोकस करा’ हा सर्रास सांगितला जाणारा नियम तुम्ही आधी खोडलात. डोंगर २० किलोमीटरवर असेल, तर सुमारे पावणेसात किलोमीटरवर फोकस करून पायाजवळच्या भेगांना काय उपयोग? त्याऐवजी हायपरफोकल अंतराचा, म्हणजे जिथे फोकस धरला की क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं त्या सगळ्यात जवळच्या अंतराचा, हिशेब आणि तक्ता दिलात. अ‍ॅपर्चरच्या आकड्याला (लेन्सच्या छिद्राचं माप, एफ ८ मधला ८) ०.०२ ने गुणायचं, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा असेल तर ०.०३ ने. फोकल लेंथच्या (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या) वर्गाला त्याने भागायचं आणि आलेल्या उत्तरात फोकल लेंथ मिळवायची, की अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवर १८ मिलिमीटर आणि एफ ८ ला येतात २.०४ मीटर. तिथे फोकस धरला की साधारण एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. झूम ३५ वर नेला की तेच अंतर ७.७ मीटर होतं.

सगळ्यात मोलाचं सांगितलंत ते हे, की अंदाज चुकायचाच असेल तर लांबच्या बाजूला चुकू द्या. दोनऐवजी तीन मीटरवर फोकस गेला, तर जवळची जेमतेम २० सेंटिमीटर हातची जातात. दीड मीटरवर पडला, तर सुमारे ५.६ मीटरच्या पलीकडचं सगळं मऊ होतं, म्हणजे अख्खा सातपुडा गेला.

कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या किट लेन्सवर सहसा अंतराचे आकडे नसतात. त्यावरचा तुमचा उपायही साधा: कॅमेऱ्यावर सेन्सरची जागा दाखवणाऱ्या, आडवी रेघ असलेल्या गोल खुणेपासून मोजून बॅग ठेवायची, एकाच पॉइंटने तिच्यावर फोकस करायचा आणि लगेच लेन्स मॅन्युअलवर टाकायची. त्यानंतर झूमला हात लावायचा नाही, कारण बहुतेक किट लेन्सचा फोकस झूमबरोबर सरकतो.

०.०२ हा आकडा हातात धरून बघायच्या प्रिंटपुरता, हेही तुम्ही बजावलंत. प्रदर्शनासाठी मोठी प्रिंट काढायची तर अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवून अंतर एफ ५.६ चं घ्यायचं, म्हणजे १८ मिलिमीटरला २.९ मीटर. एफ २२ वर जाऊन भागत नाही, विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. आणि एप्रिल-मेच्या दुपारी डोंगर थरथरताना दिसतो तो तापलेल्या हवेमुळे, तिथे कुठलाच तक्ता कामाचा नाही. पहाटेच निघावं लागतं.

तक्त्यात १० मिलिमीटरची ओळ नव्हती, ती आम्ही जोडली आहे: एफ ८ ला ६४ सेंटिमीटर. एकदा नजरेखालून घाला.

तुमची,
जळगाव, धुळे, नंदुरबारकडची फोटोग्राफर मंडळी