सावल्या उजळताना

कोथरूड, पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

राजगडाच्या फाइली सावकाश बघितल्या. बालेकिल्ल्यावरून सूर्योदयाला घेतलेला सुवेळा माचीचा फोटो जागा, वेळ, मांडणी सगळ्याच बाबतीत उत्तम आहे. बिघडलाय तो नंतर, लाइटरूममध्ये, म्हणजे फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये. शॅडोज (सावल्या उजळायचा स्लायडर) तू थेट +१०० ला नेलेस. कातळ निळा-जांभळा दिसायला लागला म्हणून टेंपरेचर (हा स्लायडर वाढवला की फोटो पिवळा-नारिंगी होतो) ७५०० केलंस. कातळ जरा ताळ्यावर आला, पण आकाश नारिंगी झालं आणि गवत करपल्यासारखं दिसतंय.

असं होतं, कारण त्या एका फ्रेममध्ये दोन वेगळे उजेड आहेत. माचीच्या कडेवर पडलेलं कोवळं ऊन साधारण ३००० केल्विनचं (उजेडाच्या रंगाचं हे माप, आकडा मोठा तितका उजेड निळा). सावलीतल्या कातळावर मात्र ऊन नाहीच, त्याला उजेड मिळतो तो वरच्या निळ्या आकाशाचा, म्हणजे ७००० केल्विन किंवा त्याहून जास्त. एकच व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, दोघांना पुरणार कसा? म्हणून गडावर असताना तो ५२०० ते ५५०० वर पक्का करून टाक. ऑटोवर ठेवलास तर उन्हाचा सोनेरीपणा कॅमेरा परस्पर धुऊन टाकतो, आणि पॅनोरमा जोडताना प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा निघतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) असेल तर हे नंतर बदलता येतं, पण जागेवर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघताना फसायला होतं.

सगळ्यात महत्त्वाचं आता सांगतो. सह्याद्रीच्या फोटोत खोली येते ती रांगांमागून रांगा फिकट होत जातात त्यामुळे. जवळचा कडा सगळ्यात गडद, त्यामागची रांग निळसर करडी, शेवटची जवळजवळ आकाशात मिसळलेली. मधल्या हवेतलं धुकं आणि धूळ उजेड विखुरतात, म्हणून दूरच्या सावल्या आपोआपच उजळ असतात. तू जवळचा कडा उजळून तिसऱ्या रांगेइतका केलास आणि सगळा डोंगर एका पडद्यावर चिकटवल्यासारखा सपाट झाला. काळ्या बेसॉल्टची ती भारदस्त सावली घालवली तर राजगडाचं काय उरलं? मला हे फार खटकतं. दगडाची भेग, एखादी कारवीची जाळी कळली की पुरे. त्यापुढे उजळू नकोस.

आता नव्याने सुरुवात कर. हायलाइट्स (उजळ भाग) −४० ते −६०, शॅडोज +२५ ते +४०. मग ऑल्ट दाबून ब्लॅक्सचा (सगळ्यात गडद भागांचा) स्लायडर डावीकडे ने. स्क्रीन पांढरी होते आणि जिथे तपशील पूर्ण बुडतो तिथेच ठिपके दिसतात. कपारींत आणि झुडपांच्या बुडाशी चार ठिपके दिसले की थांब, बहुतेक −५ ते −१५ च्या दरम्यान. हे केलं नाही तर उजळलेल्या सावल्या राखाडी, धुरकट दिसतात.

त्यानंतर ल्युमिनन्स रेंजचा मास्क (उजेडाच्या पातळीनुसार भाग निवडणारा) घेऊन फक्त गडद भाग निवड. मास्कच्या कडा चांगल्या मऊ ठेव, नाहीतर ऊन-सावलीच्या सीमेवर पांढरी रेघ उमटते. या मास्कमध्ये टेंपरेचर +८ ते +१५ आणि सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) −१० बास. निळा रंग थोडा राहायलाच हवा. तो पूर्ण काढला तर शेजारचं ऊन सोनेरी वाटतच नाही. जांभळी झाक राहिली तर टिंट (हिरवा-जांभळा तोल) दोन-चार अंकांनी हिरव्याकडे सरकव. डीहेझ (धुरकटपणा काढणारा स्लायडर) जवळच्या माचीपुरतंच, +१० च्या आसपास. दूरच्या रांगांवर लावलंस तर त्या गर्द निळ्या होऊन पुढे येतात.

कॅमेऱ्यात काय करायचं ते थोडक्यात. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११, ट्रायपॉड. एक्स्पोजर आकाशाला सांभाळून. लाल चॅनेलचा हिस्टोग्राम वेगळा बघ, कारण सूर्योदयाला आधी तोच फाटतो, म्हणजे त्यातला तपशील जातो. सूर्य थेट फ्रेममध्ये असेल तर एक्स्पोजर −२, ०, +२ असे बदलून तीन फ्रेम घे आणि नंतर जोड. वारा असला तर गवत हलतं आणि जोडताना दुहेरी दिसतं. अशा वेळी सावल्यांसाठी एकच फ्रेम वापर. ग्रॅज्युएटेड फिल्टर (वरचा भाग गडद करणारी काच) इथे नको, डोंगरमाथा विनाकारण काळा होतो. आणि हिवाळ्यात सूर्योदयानंतर अर्धा तास तरी तिथेच थांब. सूर्य आग्नेयेला असल्याने माचीच्या दक्षिण उतारावर तिरपं ऊन येतं, उत्तर बाजू सावलीत राहते आणि तटबंदीचा आकार स्वच्छ उठतो.

पावसाळ्यातल्या फोटोंना हे गणित लागू नाही. ढगाळ उजेडात सावल्या नसतातच, तिथे भडक हिरवा आवरायचा: हिरव्याचं सॅच्युरेशन −१५ ते −२०, पिवळ्याचं −१०.

हे सगळं करताना मॉनिटरचा ब्राइटनेस १२० निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास असू दे. भगभगीत स्क्रीनवर सावली उजळ भासते आणि कागदावर काळी ठिक्कर उतरते. मोठी प्रिंट काढायच्या आधी गडद भागाचा एक तुकडा ४ बाय ६ वर, त्याच कागदावर छापून घे आणि दिवसा खिडकीपाशी बघ. मॅट कागद असेल तर सावल्या आणखी थोड्या उचलाव्या लागतील, ग्लॉसीला बहुधा नाही.

तुझा,
मकरंद