विद्यापीठाच्या क्रीडा व सांस्कृतिक संकुलाबाबत उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षणमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

विद्यापीठातील नियोजित क्रीडा व सांस्कृतिक संकुलाला शासनाने पाठबळ दिले, याबद्दल विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळाबरोबर काम करणारा एक प्राध्यापक म्हणून मी आपला मनापासून आभारी आहे. मात्र आराखड्यात नाटक, संगीत, बॅडमिंटन आणि व्हॉलीबॉल या सर्वांसाठी मिळून एकच बहुउद्देशीय सभागृह दाखवले आहे. निविदा निघण्यापूर्वी त्याचा फेरविचार व्हावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अडचण छतापासूनच सुरू होते. व्हॉलीबॉलसाठी किमान ७ मीटर मोकळी उंची लागते, तर मोठ्या आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धांसाठी ती १२ मीटर धरली जाते. इतके उंच छत, कठीण भिंती आणि लाकडी जमीन असलेल्या दालनात आवाज घुमत राहतो, कारण दालनाचे घनफळ जितके मोठे आणि ध्वनी शोषणारे पृष्ठभाग जितके कमी, तितका आवाज विरायला अधिक वेळ लागतो. संवाद स्पष्ट ऐकू यायचे असतील तर हा वेळ साधारण १ सेकंदाच्या आसपास असावा लागतो. तो दोन-तीन सेकंदांवर गेला की शेवटच्या रांगेपर्यंत नुसता गलका पोहोचतो, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवला तर घुमाराही वाढतो. खेळाडूंचेही नुकसानच आहे. जेमतेम ५ ग्रॅम वजनाचे शटल वातानुकूलनाच्या झोताने भरकटते, आणि ज्या लवचीक जमिनीमुळे गुडघे-घोटे सांभाळले जातात तिच्यावर प्रत्येक कार्यक्रमाला खुर्च्या व नेपथ्याचे सांगाडे ओढले जातात. शिवाय रंगीत तालीम लागली की खेळाडूंचा सराव बंद, हे ओघानेच आले.

म्हणून साधे, बिनसजावटीचे क्रीडादालन आणि विंगा, रंगपटाच्या खोल्या, तालमीची जागा असलेले लहान नाट्यगृह अशा दोन स्वतंत्र इमारती असाव्यात. निधी अपुरा असल्यास दर्शनी भागाची भव्यता कमी करावी किंवा बांधकाम दोन टप्प्यांत करावे. पण खर्च वाचवण्यासाठी दोन्ही गरजा एका छताखाली कोंबू नयेत.

४०० मीटरच्या आठ पदरी धावपट्टीची योजना योग्यच आहे. तिच्या निचऱ्याची व्यवस्था आणि वार्षिक देखभालीची तरतूद मात्र मूळ अंदाजपत्रकातच असावी.

आराखडा अंतिम करण्यापूर्वी ध्वनितज्ज्ञ, क्रीडा प्रशिक्षक आणि विद्यार्थी प्रतिनिधी यांची एकत्र बैठक आपण बोलवावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
विद्यापीठातील एक प्राध्यापक