विषय : काच भरलेले माणिक ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्याबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

तुमच्याकडून घेतलेली माणकाची अंगठी सैल होत होती, म्हणून सोनाराकडे लहान करायला दिली. आचेवर सांधा जोडून झाल्यावर पाहते तर खड्यावर पांढरट जाळे पसरलेले. मी त्या बिचाऱ्यावरच चिडले. त्याने काही न बोलता भिंग माझ्या हातात दिले. खडा हळूहळू फिरवला की भेगांमधून निळसर झाक चमकून जाते आणि तिथेच गोल, बारीक बुडबुडे दिसतात. नंतर प्रयोगशाळेच्या अहवालातही तेच आले : भेगांमध्ये शिसेयुक्त काच भरली आहे.

यावर तुमचे उत्तर आले की उष्णता-प्रक्रिया बहुतेक माणकांवर होते आणि अंगठी बाहेर दुरुस्त केल्यामुळे वॉरंटी संपली.

यातले पहिले वाक्य खरे आहे, पण माझ्या तक्रारीला लागू नाही. नुसत्या भट्टीने माणकाचा रंग सुधारतो, आतला धुरकटपणा जातो आणि हा बदल कायम टिकतो. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. काच भरणे हा वेगळाच प्रकार आहे. २००४ च्या सुमारास बाजारात आलेल्या या पद्धतीत भेगाळलेल्या, एरवी दागिन्यात न बसवण्याजोग्या खड्यात शिशाची काच मुरवतात. प्रकाश या काचेतून जवळजवळ माणकातल्यासारखाच वळतो, त्यामुळे भेगा दिसेनाशा होतात. मात्र ही काच सोनाराच्या आचेत टिकत नाही. आम्लानेही ती झिजते, अगदी लिंबाच्या रसानेसुद्धा. खड्याच्या वजनात तीही धरली जाते, म्हणजे काचही मी माणकाच्याच भावाने घेतली.

वॉरंटीचे म्हणाल, तर बिलावर ‘काच भरलेले’ एवढे दोन शब्द असते तरी सोनाराने आधी खडा काढून ठेवला असता. त्याला तुम्ही सांगितले नाही, मलाही नाही. ‘नैसर्गिक माणिक’ मात्र ठळक अक्षरांत छापले आहे.

मला बदली खडा नको. अंगठीची पूर्ण रक्कम, तपासणीचा खर्च आणि सोनाराची मजुरी परत हवी. बिलाची व अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. अंगठी आहे त्या स्थितीत माझ्याकडे आहे. तुमचा माणूस पावती देऊन ती घेऊन जाऊ शकतो, पण रक्कम जमा झाल्यावरच.

आपली,
एक ग्राहक