‘ब्रायटर लेटर’: गिटारीचं बोट धरून ऐक

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकचा ‘ब्रायटर लेटर’ हा अल्बम ऐकून तू लिहिलंस, की गाणी सुरेख आहेत पण सजावटीखाली गुदमरली आहेत. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो, कारण हा अल्बम एकदा ऐकून बाजूला ठेवावा असा नाही.

तुझी तक्रार तशी जुनीच आहे. मार्च 1971 मध्ये लंडनच्या आयलंड रेकॉर्ड्सने हा अल्बम काढला, तेव्हा ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकानेही फोक आणि कॉकटेल जॅझचं अवघडलेलं मिश्रण म्हणून त्याची बोळवण केली होती. माझं म्हणणं असं, की ड्रेकची गिटार आधी कानात बसली की बाकीची वाद्यं आपापल्या जागी जाऊन बसतात. आणि दुर्दैव असं की ज्या गिटारवादनावर हा अल्बम उभा आहे, त्यानेच तो लोकांपर्यंत न्यायची वाट बिकट केली.

दहा रचना, त्यातल्या तीन नुसत्या वाद्यांच्या, सगळं मिळून एकोणचाळीसेक मिनिटं. निर्माता जो बॉइड, ध्वनिमुद्रक जॉन वुड. चेल्सीतला साउंड टेक्निक्स हा स्टुडिओ म्हणजे पूर्वीची डेअरी. त्याचं छत मधल्या भागात उंच आणि दोन्ही टोकांना ठेंगणं होतं, त्यामुळे एकाच खोलीत वेगवेगळा नाद मिळायचा. व्हायोलिनांना मोकळी हवा हवी तर उंच छताखाली, आवाज आटोपशीर हवा तर टोकाला. वुडला ही खोली पाठ होती.

सुरुवात ‘हेझी जेन वन’पासून कर. पहिल्या बाजूवरचं हे शेवटचं गाणं. (‘हेझी जेन टू’ त्याच्या आधी येतं, त्यात गोंधळू नकोस.) या गाण्यात गिटार नेहमीच्या ई-ए-डी-जी-बी-ई अशी लावलेली नाही. जाड तारेकडून बारीक तारेकडे ती सी-जी-सी-एफ-सी-ई अशी आहे. सी हा षड्ज धरलास तर सा-प-सा-म-सा-ग. नुसत्या मोकळ्या तारा छेड: मधल्या सप्तकातला शुद्ध मध्यम आणि वरचा तार गंधार एकदम वाजतात. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, मेजर वाटतो, पण तो टेकत नाही, अधांतरी राहतो. आता बारीक तारेकडून मोजत तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) एक बोट ठेव. मध्यमाचा पंचम झाला आणि कॉर्ड जमिनीवर आला. बोट उचललंस की परत अधांतरी. ड्रेकच्या गाण्यांत जी हुरहुर आहे असं सगळे म्हणतात, तिचा मोठा भाग या एका तारेत आहे. त्यावर व्हायोलिनं आली की ती याच अधांतरी सुराला धरून लांबतात. तू ज्याला सजावट म्हणतोस ती तिथून उगवते.

तुझ्याकडे गिटार आहे, तर हे लावूनच बघ. सहावी तार ई वरून सी ला, म्हणजे चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली. पाचवी ए वरून जी ला, चौथी डी वरून सी ला, तिसरी जी वरून एफ ला, या प्रत्येकी दोन सेमीटोन खाली. पहिली आहे तशीच राहू दे. दुसरी बी वरून सी ला एक सेमीटोन वर जाते, ती सगळ्यात शेवटी चढव, आणि जुनी असेल तर जपून. उतरवलेली प्रत्येक तार हव्या त्या सुराच्या थोडी खाली ने आणि तिथून चढवत सुरावर आण. वरून उतरून तिथेच थांबलास तर खुंटीतली ढील तशीच राहते आणि अर्ध्या गाण्यात तार उतरते.

एवढ्यावर भागत नाही. चार तारा सैल झाल्या की मानेवरचा ताण कमी होतो, मान किंचित सरळ होते आणि आधी लावलेल्या तारा चढतात. म्हणून एक फेरी झाली की दुसरी, आणि बहुतेक वेळा तिसरीसुद्धा. सहावी तार फ्रेटवर खरखरेल. बारा गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी) संचातली त्रेपन्नची तार सी ला फार सैल पडते, ती काढून छप्पन्नची लाव. तरीही दाबताना हात हलका ठेव, कारण सैल तार जोरात दाबली की सूर सरळ चढतो. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावलास तर फ्रेटला अगदी लगटून लाव आणि त्यानंतर पुन्हा एकदा सूर तपास. रेकॉर्ड प्लेअरबरोबर वाजवणार असशील तर त्याचा वेग थोडा मागेपुढे असू शकतो, म्हणून कॅपोचा फ्रेट आणि शेवटचा बारीक सूर कानानेच ठरव.

उजव्या हाताचं म्हणशील तर आधी फक्त अंगठा. जाड तारांवर संथ, एकसारखा, मेट्रोनोम लावून. तो न बघता चालायला लागेपर्यंत बाकीची बोटं आणू नकोस. ‘रेकॉर्ड मिरर’च्या परीक्षकाने 1971 मध्येच ड्रेकच्या नितळ वादनाचं आणि अचूक लयीचं कौतुक केलं होतं, आणि त्याने नेमकं मर्म पकडलं होतं. ड्रम असोत नसोत, या माणसाची लय हलत नाही.

आता ही सगळी तारा लावण्याची खटपट लोकांसमोर, मंचावर, क्लिपवाला ट्यूनर नसताना, फक्त कानाने करायची. आणि दर एकदोन गाण्यांनी, कारण पुढच्या गाण्याचं ट्यूनिंग वेगळं. आज असे गायक दोनतीन गिटारी लावून ठेवतात, एका ट्यूनिंगची गाणी सलग घेतात आणि मधल्या वेळात गप्पा मारतात. ड्रेक बोलायचाच नाही. सप्टेंबर 1969 मध्ये फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या ब्रिटिश फोक-रॉक बँडच्या आधी तो रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये गायला, तिथे श्रोते शांत होते आणि ते निभावलं. पण क्लबांत आणि कॉलेजांत लोक हातात ग्लास घेऊन उभे. गिटार लावण्याच्या त्या लांबलचक शांततेत गलका सुरू झाला की पुढचं गाणं त्यात बुडायचं. जून 1970 मध्ये सरे परगण्यातल्या ईवेलच्या टेक्निकल कॉलेजात तो एक गाणं अर्धवट सोडून मंचावरून निघून गेला. ‘ब्रायटर लेटर’ दुकानात यायच्या कितीतरी आधी त्याचं मंचावर गाणं जवळजवळ संपलं होतं. त्या काळी नव्या गायकाची रेकॉर्ड विकली जायची ती दौऱ्यावर आणि रेडिओवर. दौरा नाही, आणि रेडिओला वाजवायला सिंगलही, म्हणजे एकेका गाण्याची छोटी रेकॉर्डही, नाही. ‘नॉर्दर्न स्काय’ अख्ख्या अल्बममध्ये सिंगलसाठी सर्वांत योग्य गाणं होतं, ते आयलंडने काढलंच नाही. मला ही त्यांची सगळ्यात मोठी चूक वाटते.

त्या गाण्याबद्दल थोडं जास्त लिहितो. जॉन केल, म्हणजे व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडमधला, त्या काळात बॉइडबरोबर निको या गायिकेच्या अल्बमवर काम करत होता. बॉइडने त्याला ड्रेकची काही गाणी ऐकवली. केलने ताबडतोब पत्ता मागितला आणि तडक ड्रेकच्या खोलीवर जाऊन धडकला. दुसऱ्या दिवशी त्याने बॉइडकडे व्हायोला, सेलेस्टा, हॅमंड ऑर्गन अशी वाद्यांची यादीच मागितली. त्यातून दोन गाणी तयार झाली. ‘फ्लाय’मध्ये केलचा व्हायोला आणि हार्पसिकॉर्ड आहे, खाली डेव्ह पेगचा बेस, आणि ड्रम अजिबात नाहीत. ‘नॉर्दर्न स्काय’मध्ये सेलेस्टा, पियानो आणि ऑर्गन हे तिन्ही केलचे. सेलेस्टा हे दिसायला छोट्या पियानोसारखं असतं, पण आत हातोड्या तारांवर न पडता धातूच्या पट्ट्यांवर पडतात, म्हणून तो किणकिणता आवाज. हेडफोन लावून ऐक. सेलेस्टा गिटारीच्या वरच्या सप्तकात राहतो, ऑर्गन तिच्याखाली पसरतो, आणि गिटार वाजते ती मधली पट्टी सगळे मोकळी सोडतात. केलसारखा आग्रही माणूससुद्धा तिथे पाऊल ठेवत नाही.

बाकीच्या बहुतेक गाण्यांचं वाद्यसंयोजन रॉबर्ट कर्बीचं. केंब्रिजमधला ड्रेकचा मित्र, पहिल्या अल्बमवरही त्यानेच बहुतेक स्ट्रिंग्ज लिहिल्या होत्या. ‘हेझी जेन टू’मधला ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं, ऐक: शब्द घाईघाईने एकमेकांवर येतात आणि ब्रास ओळींच्या फटींत उत्तर देतो. त्यात रिचर्ड थॉम्पसनची लीड गिटार आहे, आणि पेगबरोबर ड्रमवर डेव्ह मॅटॅक्स, म्हणजे फेअरपोर्टचीच मंडळी. ‘वन ऑफ दीज थिंग्ज फर्स्ट’ तीनच्या लयीत झुलतं. त्यातले बेस वाजवणारा एड कार्टर आणि ड्रमर माइक कोवाल्स्की बीच बॉइजबरोबर दौरे करणारे. ‘अ‍ॅट द चाइम ऑफ अ सिटी क्लॉक’मध्ये रे वॉर्लीचा आल्टो सॅक्स रात्रीच्या शहराची हवा आणतो. कॉकटेल जॅझचा शिक्का बहुधा याच गाण्यामुळे बसला असावा. मला मात्र हा सॅक्स अतिशय संयमी वाटतो, तो गायकाच्या अंगावर कधी येत नाही.

‘पुअर बॉय’वर तुझा रोष दिसतो. सहा मिनिटांच्या वर चालणारं गाणं, पियानोवर दक्षिण आफ्रिकेचा क्रिस मॅकग्रेगर, मागे पी. पी. अरनॉल्ड आणि डोरिस ट्रॉय यांचा सोल ढंगाचा कोरस. पण कोरस काय म्हणतोय ते ऐक ना. गायक स्वतःची कीव करतोय आणि त्या दोघी त्यालाच चिमटा काढताहेत. कोरस काढून टाकलास तर उरेल नुसतं रडगाणं.

एका बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे. वाद्यरचना तीन नको होत्या. ‘इंट्रोडक्शन’ हवंच, कारण ते दीड मिनिटात कान तयार करतं. पण दुसरी बाजू उघडणारी शीर्षकरचना आणि शेवटचं ‘संडे’, दोन्हींत बासरी पुढे, आणि दोन्ही हलक्याफुलक्या होऊन विरून जातात. ‘नॉर्दर्न स्काय’नंतर काहीच यायला नको होतं. पण गंमत बघ, या रचना ठेवायचा हट्ट ड्रेकचाच होता, बॉइडला त्या नको होत्या. म्हणजे निर्मात्याने बिचाऱ्या गायकावर वाद्यं लादली, ही गोष्ट तितकीशी खरी नाही. पुढचा अल्बम फक्त गिटार आणि आवाजाचा करायचा, असं ड्रेकने नंतर बॉइडला सांगितलं हे खरं. पण ‘ब्रायटर लेटर’ घडत होता तेव्हा त्याला हाच नाद हवा होता.

पुढे काय झालं ते थोडक्यात. बॉइडने आपली विचसीझन कंपनी आयलंडला विकली आणि वॉर्नरच्या चित्रपटसंगीताचं काम घेऊन तो लॉस एंजेलिसला गेला, म्हणजे ड्रेकची बाजू लढवणारा माणूसच लंडनमध्ये उरला नाही. मार्च 1971 मध्ये ‘साउंड्स’मध्ये एक मुलाखत आली, तीत ड्रेक जेमतेम बोलला. पहिल्या विक्रीचा आकडा 3,000 प्रतींच्या आतच सांगितला जातो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याने फक्त वुडला बरोबर घेऊन दोन रात्रींत ‘पिंक मून’ हा पुढचा अल्बम ध्वनिमुद्रित केला, आणि 25 नोव्हेंबर 1974 ला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गेला.

रेकॉर्डी टिकल्या त्याला मात्र बॉइडची दूरदृष्टी कारण. ड्रेकचे अल्बम कधीही कॅटलॉगमधून काढायचे नाहीत, ही अट त्याने विक्रीच्या करारातच घातली होती. नाहीतर इतक्या कमी खपाची रेकॉर्ड कुठली कंपनी छापत बसते? अट होती म्हणून 1979 मध्ये ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला, ऐंशीच्या दशकात नव्या गायकांनी त्याचं नाव घ्यायला सुरुवात केली तेव्हा दुकानात रेकॉर्ड मिळत होती, आणि 1999 मध्ये ‘गार्डियन’ने पर्यायी शंभर अल्बमांची यादी केली तेव्हा तिच्यात ‘ब्रायटर लेटर’ पहिला आला. नंतर ‘रोलिंग स्टोन’च्या 2003 च्या पाचशे अल्बमांतही तो 245 वा होता. बॉइड स्वतः म्हणत आलाय की आपण केलेल्या कामात ज्यावर पुन्हा हात फिरवावासा वाटत नाही अशा मोजक्या रेकॉर्डींपैकी ही एक. मी त्याच्याशी सहमत आहे, फक्त ‘संडे’ सोडून.

तर आता असं कर. आधी ‘हेझी जेन वन’, मग ‘नॉर्दर्न स्काय’, मग ‘फ्लाय’, आणि प्रत्येक वेळी फक्त गिटारीच्या मागे जा. त्यानंतर पहिल्यापासून सलग. आणि गिटार लगेच जुन्या सुरांत परत आणू नकोस. सी-जी-सी-एफ-सी-ई लागलेलीच आहे, तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून ‘पिंक मून’चं शीर्षकगीत वाजवून बघ, आणि ‘व्हिच विल’ही याच ट्यूनिंगमध्ये आहे. तिसऱ्या तारेचं जमलं की लिही. ‘पुअर बॉय’बद्दलचं मत बदललं नाही तरी लिही, भांडायला मी तयार आहे.

तुझाच