दगड होता तसाच परत ठेवायचा

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

पिल्लूच्या चिखलातल्या फोटोवरून परवा फोनवर झालेलं बोलणं अर्धवटच राहिलं. आई, तू रागावून फोन बाबांच्या हातात दिलास आणि बाबा, तुम्ही नेहमीप्रमाणे ‘बरं, बघू’ म्हणून विषय मिटवलात. माझ्या मनातून मात्र तो जात नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि सांगायचं ते बाजूलाच राहतं, म्हणून लिहायला बसले आहे. पिल्लू झोपली आहे. तिची नखं घासून धुतली तरी थोडी माती राहिलीच आहे.

आई, फोटोत तुला दिसलं ते खरंच होतं. पाऊस नुकता थांबला होता, पोर अनवाणी चिखलात होती आणि तिच्या तळहातावर गांडूळ होतं. फोटोत आलं नाही ते आता सांगते. ते गांडूळ फरशीवर आलं होतं आणि ऊन वाढायला लागलं होतं. पिल्लू त्याच्याजवळ उकिडवी बसली आणि कितीतरी वेळ काहीच बोलली नाही. तिची अखंड टकळी तुला माहीत आहे. मग हळूच विचारलं, “याचं तोंड कुठंय?” मलाही पटकन सांगता येईना. कुठलं टोक पुढे जातं ते बघत दोघी बसून राहिलो. एक टोक बारीक, लांब होत पुढे सरकायचं, तिथे घट्ट रुतायचं आणि मागचं अंग जाड होऊन ओढलं जायचं. “हे टोक तोंडाचं,” ती म्हणाली. मी तिला सांगितलं की याला नाक नसतं, फुप्फुसं नसतात, हे कातडीनंच श्वास घेतं आणि त्यासाठी कातडी ओली लागते. उन्हात सुकलं की ते जगत नाही. ती उठली, डबक्यात दोन्ही हात बुडवून आली आणि ओल्या हातांनी त्याला उचललं. हात ओले करायला मी सांगितलं नव्हतं. मी फोटो काढला तो त्या क्षणी. नंतर तिनं त्याच्या पोटाखालून बोट फिरवलं आणि म्हणाली, “खरखर लागतंय.” ती खरखर म्हणजे त्याचे बारीक ताठ केस, त्यांच्याच आधारानं ते मातीला धरतं. वयाच्या चौथ्या वर्षी ही गोष्ट तिला बोटानं कळली, मला मात्र ती पुस्तकात वाचून कळली होती.

बाबा, यावरून तुम्हाला आवडेल असं एक सांगते. डार्विननं गांडुळांवरचं आपलं काम 1881 मध्ये प्रसिद्ध केलं तेव्हा तो 72 वर्षांचा होता, तुमच्याहून दोनच वर्षांनी मोठा. त्यानं घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली होती. त्यांच्याजवळ शिट्टी वाजवून बघितली, मोठ्यांदा ओरडून बघितलं, पियानो जोरात वाजवून बघितला, ती ढिम्म. मग कुंड्याच पियानोवर ठेवल्या आणि एक सूर वाजवला, तशी ती सर्रकन बिळात शिरली. त्यांना आवाज ऐकू येत नाही, हादरा मात्र कळतो. पिल्लूला हे सांगितल्यापासून गांडूळ दिसलं की ती पाय न आपटता चालते.

आता आई, तुझी काळजी. ती मला खोटी वाटत नाही. अनवाणी चालण्याबद्दल तर तुझंच बरोबर आहे. जिथे उघड्यावर घाण होते तिथल्या मातीत अंकुशकृमी असतात आणि ते तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. त्या जागेची मला पुरती खात्री नव्हती, तरी मी तिला चपला काढू दिल्या, ते चुकलं. आता जागा माहितीतली नसेल तर चपला पायातच राहतात. धनुर्वाताचे जिवाणूही मातीत असतात. तिच्या सगळ्या लसी वेळच्या वेळी झाल्या आहेत, जंताचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालू आहे आणि खाण्याआधी साबणानं हात धुण्यावर मी काही केल्या सूट देत नाही. पण भिजल्यानं सर्दी होते म्हणतेस, ते तसं नाही गं. सर्दी विषाणूंमुळे होते आणि बंद खोलीत एकमेकांच्या तोंडाशी बसलेल्या मुलांमध्ये ती जास्त पसरते.

बाबांना आकडे लागतात, म्हणून दोन गोष्टी शोधून ठेवल्या आहेत. फिनलंडमधल्या 3 ते 5 वर्षांच्या 75 मुलांवरचा एक अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काही पाळणाघरांच्या रुक्ष अंगणात जंगलातली माती, गवत, झुडपं आणून लावली आणि मुलांना रोज तिथे खेळू दिलं. 28 दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली, रक्तातही प्रतिकारशक्तीच्या दृष्टीनं चांगले बदल दिसले. अभ्यास छोटा आहे, त्यावरून पोर कधी आजारीच पडणार नाही असं मी म्हणत नाही. दुसरी गोष्ट डोळ्यांची. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये पहिलीतल्या मुलांना शाळेच्या दिवसात रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. तीन वर्षांत त्यांच्यापैकी 30.4 टक्के मुलांना लांबचं कमी दिसायला लागलं होतं, बाकीच्या शाळांत 39.5 टक्के. तुमचा जाड चष्मा माझ्याकडे आलाच आहे, तो तिच्याकडे जितका उशिरा जाईल तितका बरा.

पण खरं सांगू का, या आकड्यांसाठी मी तिला बाहेर नेत नाही. कशासाठी नेते, ते मला एका सुरवंटामुळे कळलं.

तीन महिन्यांपूर्वी तिला एका झुडपावर हिरवा सुरवंट सापडला. मला वाटलं, घरी नेऊ, कोष करताना बघेल, फुलपाखरू होताना बघेल. काचेची बरणी घेतली, झाकणाला भोकं पाडली आणि कुंडीतली कोवळी पानं तोडून आत टाकली. पहिल्या दिवशी ती बरणीला नाक लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी सुरवंट तळाशी होता, पानाला त्यानं तोंडही लावलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो काळपट पडून आखडला. बरेच सुरवंट ठरावीक झाडांचीच पानं खातात, दुसरं समोर असलं तरी उपाशी मरतात, हे मी नंतर वाचलं. ज्या झुडपावर तो होता त्याची दोन पानं आणायचं मला सुचलं नाही. पिल्लू खूप रडली. रात्री झोपताना म्हणाली, “तो त्याच्या घरी होता ना?”

दुसऱ्या दिवशी तिनंच बरणी मोरीत नेऊन ठेवली. तेव्हापासून आम्ही काही घरी आणत नाही, आपणच जातो. त्याच झुडपापाशी, रोज, संध्याकाळी. दूरच्या सहलींवर मी इतके दिवस भर द्यायचे, ते सोडून दिलं. तिला नवं ठिकाण नको असतं. काल कळी होती तिचं आज काय झालं, कोळ्यानं जाळं त्याच फांदीवर विणलं की दुसऱ्या, हे तिला बघायचं असतं. पंधरा दिवसांनी तिथे आणखी एक सुरवंट दिसला, अगदी तसाच. त्यानं पान कडेकडेनं खाल्लं, एकदा कात टाकली, आणि मग एक दिवस तो नव्हताच. कोष केला, की पक्ष्यानं नेला, कळलं नाही. तिला मी तेच सांगितलं. “मग दोन्ही असेल,” ती म्हणाली.

बाबा, हे सगळं तुमचंच आहे. मागच्या अंगणातले दगड तुम्ही मला उचलायला शिकवलेत: पलीकडची कड आधी वर, दगड आपल्याकडे कलता, म्हणजे खाली काही असलं तर त्याच्या आणि आपल्या मध्ये दगडाचा आडोसा राहतो. आणि मग होता तसाच परत, कारण खाली कुणाचं तरी घर आहे. तेव्हा पांढरे दाणे तोंडात धरून धावणाऱ्या मुंग्या बघून आपण ‘अंडी हलवतात’ म्हणायचो. त्यातली बरीचशी अंडी नसतात, अळ्या आणि कोष असतात, अंडी फारच बारीक. हे पिल्लू तुम्हाला सांगणार आहे, तेव्हा माहीत नसल्यासारखं करू नका हं, तिला ते लगेच कळतं. ऐकून घ्या आणि पुढचं काहीतरी विचारा.

आई, तुझ्याकडे एकच मागणं आहे. काही अंगावर आलं की तुझ्या तोंडून ‘ई!’ निघतं. पिल्लू तेव्हा किड्याकडे बघतच नाही, तुझ्या चेहऱ्याकडे बघते. मागच्या वेळी तू गेल्यावर ती आठवडाभर गोगलगाईला हात लावत नव्हती. केसाळ सुरवंट, गांधीलमाशी, विंचू यांना हात लावायचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. ओळखीचं नसेल तर फक्त बघायचं, तोंडात काही घालायचं नाही, हेही ठाऊक आहे. तुला किळस वाटली तर वाटू दे, तसं सांग तिला, ते चालेल. पण दोन पावलं मागे उभी राहून का होईना, थांब तिच्याबरोबर. मला नोकरीतून एक तास मिळतो, आणि त्यातही मी दोनदा घड्याळ बघते. तुम्हा दोघांकडे अख्खी संध्याकाळ असते.

व्हिडिओ कॉलवर ‘आजीला गाणं म्हणून दाखव’ म्हटलं की ती पळून जाते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्याऐवजी चंद्र दाखवा तिला तुमच्या खिडकीतून. तो रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो हे तिला कळल्यापासून ‘आज आला का?’ हा खेळच झाला आहे. सकाळी शाळेत जाताना फिकट चंद्र दिसला तर ‘अजून घरी गेला नाही’ म्हणते.

येताना खेळणी आणू नका. जुने कपडे आणा, आणि आई, गुडघ्याला त्रास होतो म्हणून तुझी ती छोटी घडीची खुर्ची आण. झुडपाजवळ मावेल, मी जागा बघून ठेवली आहे.

पाकिटात एक पान आहे. पिल्लूनं आबांसाठी दिलं आहे. ते फाटलेलं नाही, भोकं सुरवंटानं पाडली आहेत, आणि ती मोजायला सांगितली आहेत. तिच्या मोजणीनं सात आहेत.

तुमची,
लेक